चार महिने कमी

खिडकीतल्या मुलीने ओळखपत्र उलटसुलट पाहिलं.
सत्तरीनंतर प्रवेश मोफत आहे, आजोबा,
तुम्हाला चार महिने कमी पडताहेत.
पू योंगछुआनने हुज्जत घातली नाही.
साठ युआन मोजले
आणि ज्या घरात जन्मला
तिथे तिकीट फाडून घेऊन शिरला.

दाराशी दोन दगडी ढोल,
मधे गुडघ्याएवढा उंबरठा.
हुद्दा जेवढा मोठा तेवढा उंबरठा उंच,
रुओलान कर्ण्यातून सांगते. गाईड. वय तेवीस, आवाज बसलेला.
कृपया पाय देऊ नका, ओलांडा.
त्याने डावा पाय आधी टाकला, जुन्या सवयीने.
ह्याच लाकडावर बसून तो
टरबुजाच्या बिया फोडायचा.

समोर आडवी भिंत.
भुतं सरळ रेषेत चालतात म्हणे,
त्यांना वळता येत नाही, म्हणून.
घोळका वळला. तोही वळला.

मग चौक. इथे त्याला आभाळाची विहीर म्हणतात.
चारही छपरं आतल्या बाजूला उतरती:
पाणी म्हणजे पैसा, आणि पैसा घरातच पडावा,
असा मिठाच्या महसुलावरच्या त्या अंमलदाराचा हिशेब.
पडला असेल.
पुढे इथे अकरा बिऱ्हाडांचे अकरा रांजण होते
आणि कुणाच्या पन्हाळीतून कुणाच्या रांजणात किती
यावरून ओउयांगांशी सात वर्षं अबोला.

हे साहेबांचं अभ्यासाचं दालन.
(ओउयांगांची चूल. तुळईच्या पोटात काजळी अजून आहे,
घासणाऱ्यांचा हात तिथवर पोचला नाही.)
ही साहेबांची पालखी.
(आमची खाट. उशाशी कोबीचा माठ.)
तो मोठ्याने काहीच बोलत नाही.

एकही खिळा नाही, रुओलान वर बोट दाखवते,
नुसतं कुसू आणि खाच,
तीनशे वर्षं एकमेकांना धरून.
घोळका माना वर करतो.
उत्तरेच्या खांबाला चार खिळे होते,
बापाने ठोकलेले, खारवलेलं मांस टांगायला.
आता भोकं बुजवलीत,
वरून तुंग तेलाचा हात,
खांब नवरदेवासारखा चकचकतोय.

दर्शनी तुळईवर मिरवणूक कोरलेली:
घोडे, छत्र्या, निशाणं, पालखीचे भोई.
घोड्यांना डोळे आहेत, आयाळीचा केस न् केस आहे.
माणसांना तोंडं नाहीत.
ह्यांना काय झालं? एक पोरगं विचारतं.
एका उन्हाळ्यात तोडली,
रुओलान म्हणते, आणि पुढच्या दालनाकडे निघते.

योंगछुआन तिथेच उभा.
त्या उन्हाळ्यात तो अकरा वर्षांचा होता
आणि शिडी धरून उभा होता.
शिडी हलू नये, एवढंच त्याचं काम.
ते त्याने चोख केलं.
वरून कपचे पडत होते, डोळ्यांत जाऊ नयेत
म्हणून मान खाली. म्हणून छिन्नी कुणाच्या हातात होती
ते मी पाहिलं नाही, असं तो सांगत आला,
आधी चौकशीला आलेल्यांना,
मग बायकोला,
मग कुणी विचारेनासं झाल्यावर स्वतःला.

कोटाच्या आतल्या खिशात
काडेपेटीत कापूस घालून ठेवलेलं
एका भोयाचं तोंड आहे. शेंगदाण्याएवढं.
ओझ्याखाली दात विचकलेले,
की हसतोय, हे त्याला अठ्ठावन्न वर्षांत कळलेलं नाही.

खिशावर हात ठेवून तो तुळईखाली उभा राहिला.
कितवा भोई, ते त्याला लगेच सापडलं.
डावीकडून तिसरा, मान किंचित वर.
दोरीवर पाटी: हात लावू नये.

आजोबा, बंद करायची वेळ झाली.
काही हरवलंय का तुमचं?
नाही, तो म्हणाला. हरवलेलं नाही.

उंबरठ्याशी त्याला रुओलानच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला.
चार महिन्यांनी येतो, तो तिला म्हणाला.
तेव्हा फुकट आहे.